नियम लिहिणारे साहेब

खनिज खात्यात टायपिस्ट म्हणून तिला सव्वीस वर्षं झाली होती. नदीकाठी खडी फोडायला बंदी घालणारा नियम मंत्र्यांनी तिच्याकडूनच टाइप करून घेतला होता. एकेका शब्दावर ते अडून बसत. कागद सात वेळा बदलला, तेव्हा कुठे त्यांचं समाधान झालं.

मंत्रिपद गेलं आणि वर्षभरातच ते एका खडी कंपनीचे सल्लागार होऊन खात्यात तिच्या टेबलापाशी आले.

"ताई, बऱ्या आहात ना? ती बंदी जरा सैल करायची आहे. मसुदा मीच आणलाय."

"साहेब, घातली तुम्हीच होती ना?"

"म्हणून तर मला ठेवलंय त्यांनी," ते हसले. तिला हसू आलं नाही.

नव्या मंत्र्यांनी मान डोलावली. तिनं मसुदा टाइप केला.

"नाही म्हणायचंस की!" घरी नवरा म्हणाला.

"मग शेजारच्या टेबलावरची करेल. नियम तर जाणारच," ती बोटं चोळत म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं मृत्यू नोंदणीच्या कचेरीत बदली मागितली; तिथली नोंद सैल करून मागायला कुणी येत नाही. ती सहा महिन्यांनी मिळाली. तोवर नदीकाठी यंत्रं धडधडायला लागली होती.