शेषेरावांच्या लाल गाडीचं इंजिन

लातूर जिल्हा झाला त्या साली पाऊस काही झाला नाही. पाणी तिसऱ्या दिवशी यायचं, तेही टँकरनं. पण मोठेपणाची मात्र गावोगाव सुगी आली होती. जळकोटच्या शेषेरावांना तर सरकारी रस्त्यांची कामं हवी होती, आणि कामं मागायला जाताना गाडी फुर्रकन गेली पाहिजे, असं त्यांचं मत. गाडी हैदराबादहून आणलेली. लाल, दोन दारांची, बूड जमिनीला टेकलेली. दिसायला नवरदेव, पण चढ आला की घाम फुटायचा.

ती गाडी घेऊन ते लातुरात उदगीर रोडला मडिवाळप्पाच्या गॅरेजात आले, आणि मागून टेम्पोत एका भंगार जीपचं थोराड इंजिन, गाडीत बसवायला.

मडिवाळप्पाचं वय छप्पन्न. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, त्यावर ग्रीसचा चौथा. तीस वर्षं गाड्यांच्या पोटाखाली झोपून तो इतका दमला होता की हल्ली गिऱ्हाईक दिसलं तरी आधी सुस्कारा टाकायचा.

त्यानं रेडिएटरचं झाकण उघडलं, बोट घातलं आणि चाटून पाहिलं. खारट. पाणी कुठलं घालता, म्हणून विचारलं. बोअरचं, शेषेराव म्हणाले, रोज बादलीभर. माणसांनाच गोडं पाणी मिळत नाही, तर गाडीला कुठून आणणार?

मडिवाळप्पानं समजावून पाहिलं. आत खार धरलाय, म्हणून इंजिन तापतंय आणि तापलं की दम सोडतंय. मोठं इंजिन घातलं तर तहानही मोठी. शिवाय पुढचं वजन वाढणार, स्प्रिंगा बसणार, आणि ब्रेक आहेत ते या इंजिनालाच पुरेनात. रेडिएटर साफ करू, ब्रेक नवे करू, टायर बदलू.

शेषेरावांना त्यात शोभा दिसेना. टायर बदलल्याचं कोण कुणाला सांगतं?

"अप्पा, तुमच्यानं व्हईना तर सांगा. नांदेड रोडला दगडोबा हाय. हापिसाच्या जीपा बी मग तिकडंच जातील."

नव्या जिल्ह्याच्या जीपा दुरुस्तीला कुठं पाठवायच्या, ते ज्या साहेबाच्या हातात होतं तो शेषेरावांचा साडू. जीपा आल्या की अप्पा पोरं कामाला ठेवणार, आणि स्वतः खुर्चीवर बसून नुसतं बोट दाखवणार. म्हातारपणाचा एवढाच बेत होता बिचाऱ्याचा. तो गप्प बसला. शेषेराव त्याला होकार समजून लग्नाला नांदेडला निघून गेले.

आठ दिवस मडिवाळप्पा रोज त्या थोराड इंजिनाकडं बघायचा आणि पाठ चोळायचा. शेवटी त्यानं रेडिएटरच काढला. देवाची भांडी घासतात तसा चिंचेच्या कोळात मुरवला, तारेनं नळ्या मोकळ्या केल्या, ब्रेकही बदलले. शेवटी गोडं पाणी हवं होतं. बायकोनं, मल्लम्मानं, रांगेत उभं राहून आणलेल्या दोन घागरींतली एक दिली, पण म्हणाली, "आता अंगोळ बी गाडीलाच घाला. तुमी राहू द्या."

शेषेराव आले ते घाईतच. किल्ली घेतली आणि थेट जळकोट गाठलं. दुपारी परतले तेव्हा चेहरा फुलला होता. चढावर गाडी एकदाही थांबली नव्हती. चावडीवर उभं राहून त्यांनी गावाला सांगितलं होतं, जीपचं इंजिन बसवलंय.

मडिवाळप्पाला वाटलं, गप्प राहावं. जीपा येतील, खुर्ची येईल. मग त्यानं बोनेट उघडलं आणि शेषेरावांचा हात धरून कोपऱ्यात नेलं. ताडपत्रीखाली जीपचं इंजिन होतं तसंच पडलेलं.

शेषेरावांनी ताडपत्री पुन्हा इंजिनावर ओढली. मग हळूच म्हणाले, "अप्पा, हे कुनाला सांगू नका. जीपा उद्याच धाडतो."

मडिवाळप्पानं शब्द दिला.

जीपा आल्या. तीन जीपा, आणि त्यांच्यामागं उदगीरचे गुरुपादप्पा सावकाश आपली गाडी घेऊन, सोबत टेम्पोत इंजिन. "शेषेरावांना बसवलं तसंच बसवा, मडिवाळप्पा. तुमच्याबिगर कुनाला जमत न्हाई म्हणतात."

मडिवाळप्पानं टेम्पोकडं पाहिलं. आधीच्यापेक्षा मोठं होतं. खरं सांगावं तर शब्द जातो, आणि त्या शब्दापाठी जीपा.

"बसा," तो म्हणाला, आणि पोत्यावर आडवा झाला. "जरा डोळा लागू द्या. मग बघू."