काकांच्या पेशींना फांद्या फुटेनात

फ्रीजरकाकांच्या हातून कधी थेंब इकडचा तिकडे होत नाही, असं प्रयोगशाळेत सगळे म्हणत. काका ते ऐकून न ऐकल्यासारखं करत आणि पुन्हा ऐकायला मिळेल म्हणून तिथेच घुटमळत. माणूस कौतुकाचा भुकेला होता. आता कोण नसतो म्हणा!

काम नाजूक. माणसाच्या रक्तातून एका जातीच्या पांढऱ्या पेशी वेगळ्या काढायच्या आणि डिशमध्ये वाढवायच्या. ही पेशी मोठी गमतीची. पुढे काय व्हायचं ते तिचं अजून पक्कं ठरलेलं नसतं. तिला एक ग्रोथ फॅक्टर दिला की ती जंतू गिळणारी जाडजूड पेशी होते. दुसऱ्या दोन फॅक्टरांची जोडी दिली की तिला बारीक फांद्या फुटतात आणि ती खबरी होते, म्हणजे लढणाऱ्या पेशींना शत्रू कोण ते दाखवून देते. हे फॅक्टर म्हणजे एक प्रकारची प्रथिनंच. लागतात इतकी थोडी की डोळ्यांना दिसायची नाहीत, आणि वितळवून पुन्हा गोठवली की त्यांचा जोर जातो. म्हणून ती छोट्या कुप्यांत भरून गोठवायची आणि लागेल तेवढी एकच कुपी काढायची, हे काम काकांचं. फ्रीजरची किल्ली त्यांच्या खिशात असे. खुद्द मॅडमनासुद्धा, म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंना, कुपी हवी तर काकांकडे मागावी लागे.

प्रयोगाला निरोगी माणसाचं रक्त लागतं. ते रीतसर परवानगी देऊन प्रयोगशाळेतलीच मंडळी देत, आणि त्यात काकांचा हात कायम पुढे. त्यांच्या पेशींना अशा झकास फांद्या फुटत की संशोधन करणारी मुलगी, जिला सगळे धाकटी म्हणत, ती काकांच्याच रक्तावर आपलं सगळं काम उभं करून बसली होती.

आणि एके दिवशी त्या पेशींनी दगा दिला. आठवडा झाला तरी गोल त्या गोलच, ढिम्म. धाकटीने पुन्हा रक्त घेतलं, पुन्हा तेच. तिच्या तोंडचं पाणी पळालं. जो तो म्हणायला लागला की फॅक्टरचा जोर गेलाय, आणि फॅक्टर बिघडला म्हणजे तो बिघडवला कुणी, हे वेगळं सांगायला नको. मॅडमनी नवा फॅक्टर मागवला. तो काकांनी अगदी डोळ्यांत तेल घालून भरला. तरीही पेशी ढिम्मच. तेव्हा मॅडम शांतपणे म्हणाल्या की किल्ली काही दिवस माझ्याकडे राहू द्या. शांतपणेच म्हणाल्या, पण काकांना भर रस्त्यात कुणी कानाखाली वाजवावी तसं झालं.

घरी ते जेवले नाहीत. काकूंना म्हणाले की माझा हात गेला, आता मला बाटल्या धुवायला बसवतील. काकूंनी मॅडमचा मनसोक्त उद्धार केला आणि दुधात पावडर कालवून पेला पुढे केला.

ही पावडर म्हणजे काकूंचा अभिमान. दिवसभर उभं राहून काकांचे गुडघे कामातून गेले होते. दोनेक महिन्यांपूर्वी बाजारात बसणाऱ्या एका माणसाकडून काकूंनी ती आणली, निव्वळ जडीबुटी म्हणून, आणि चार दिवसांत काका जिने धावत चढायला लागले. मग काय विचारता! काकूंनी शेजारीपाजारी ज्याचा म्हणून सांधा दुखत होता त्याला ती घ्यायला लावली.

इकडे धाकटीने शेवटचा उपाय म्हणून स्वतःचं रक्त काढलं. त्याच कुपीतला फॅक्टर, आणि थेंब घालायला मुद्दाम काकांचाच हात. आठवडाभराने मायक्रोस्कोपखाली बघते तर फांद्याच फांद्या! मॅडमनी सगळ्यांसमोर किल्ली काकांच्या हातात ठेवली आणि माझं चुकलं म्हणाल्या. काकांचा जीव भांड्यात पडला. पण फॅक्टर चांगला, हात चांगला, मग वाईट उरलं काय? त्यांचं रक्त.

धाकटीने विचारलं, "काका, काही औषध चालू आहे?"

काका म्हणाले, अजिबात नाही. खोटं बोलले नाहीत ते. पावडर हे औषध असतं, हे त्यांच्या डोक्यातच नव्हतं. तिने खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठे पुडी बाहेर आली. तिने त्या पावडरीचा अर्क आपल्याच रक्तातल्या ताज्या पेशींवर घातला, आणि त्यांनाही फांद्या फुटेनात. पुढे पावडर तपासायला पाठवली तर आत स्टेरॉइड. दुखणं झटक्यात उतरवणारं आणि शरीराच्या राखणदारांना गप्प बसवणारं. डॉक्टरांनी काकांना बजावलं की एकदम बंद करू नका, जिवावर बेतेल, आम्ही हळूहळू कमी करतो.

काकांना राग आला तो स्वतःचा. नाव नसलेली कुपी त्यांनी प्रयोगशाळेत कधी उघडू दिली नव्हती. आणि घरात रोज बिननावाच्या पुडीतली पावडर हा शहाणा माणूस गटागटा पीत होता.

संध्याकाळी काकू उठल्या, म्हणाल्या की ज्यांना ज्यांना दिली त्यांना सांगायला हवं, आणि तुम्ही बरोबर या, माझी एकटीची हिंमत नाही. मात्रा कमी झाल्याने काकांचे गुडघे एव्हाना पुन्हा ठणकत होते, तरी ते निघाले.

पहिलं घर समोरच्या आजींचं. आजी दारात उभ्या राहूनच ऐकत होत्या. पेशी, फांद्या, स्टेरॉइड, काका सगळं नीट सांगत होते. आजींनी नाक मुरडलं.

"तुमच्या त्या डिशमधल्या पेशींचे गुडघे दुखतात का हो? मी सहा वर्षांनी स्वतःच्या पायांनी बाजारात गेले. आता पुन्हा खाटेवर पडू म्हणता?"

काकू रडकुंडीला आल्या. काकांनी दाराची चौकट धरली.

"आजी, मला ती पावडर आत्ता हवी आहे," ते म्हणाले. "इथे उभं राहवत नाहीये मला. घरात पुडी आहे, चमचा आहे, दूधही आहे. तरी डॉक्टर देतात तेवढंच घेतोय. तुम्ही उद्या माझ्याबरोबर त्यांच्याकडे चला. मला एकट्याला जायची भीती वाटते."

आजींनी त्यांच्या थरथरणाऱ्या पायांकडे बघितलं. आत गेल्या, खुर्ची ओढत बाहेर आणली.

"बसा आधी," त्या म्हणाल्या. "उद्या किती वाजता निघायचं?"