पाटावर नको, कालियादेहला

आक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी मागच्या अंगणात कुरडयांचा चीक शिजवत होते. तिचा मुलगा दारातच थांबला. "मामी, आई गेली... झोपेतच," एवढंच म्हणाला आणि पायरीवर बसला. मी चीक उतरवला, झाकण ठेवलं, त्याला पाणी दिलं आणि मग चपला घातल्या. चीक करपला असता तर आक्काच रागावली असती. आता महिना होत आला. भेटायला येणारे तिच्या सोशिकपणाबद्दल बोलतात. माझी ही मोठी नणंद सोशिक मुळीच नव्हती. गावातली बाकीची माणसं वैशाखात खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावून आडवी होत, तेव्हा ही उज्जैनच्या माधवनगरातल्या घराघरांत जाऊन माणसं उठवत असे. सहलीला चला!

ग्वाल्हेर संस्थान जाऊन मध्यभारत हे राज्य आलं आणि सरकार हिवाळ्यात ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला राहू लागलं, तेव्हा तर तिला जोरच चढला. "बघा, सरकारसुद्धा उन्हाळ्यात माहेरी जातं. आपणच का घरात उकडत बसायचं?" फायलींबरोबर ग्वाल्हेरची जी जी ओळखीची माणसं इंदूरला येत, त्यांना ती रविवारी उज्जैनला ओढून आणायची. गावातल्या देवास गेटच्या अड्ड्यावर टांगे ठरवायचे, त्यांत पातेली, गोवऱ्या, कणीक, मुलं आणि म्हाताऱ्या सगळं एकत्र भरायचं. एकदा टांगेवाला हात जोडून म्हणाला, "घोड़ो हे बई, रेल नी हे!" आक्काचे यजमान रेल्वेत. तिनं त्यांना मागच्या टांग्यात पाठवलं आणि म्हणाली, "लो भैया, रेल उतर गई. अब चलो."

मध्यभारताच्या शेवटच्या उन्हाळ्यातली, तो नव्या मोठ्या राज्यात विलीन होण्याआधीची सहल मात्र आमच्या घरासाठी गंमत नव्हती. माझी थोरली मुलगी सुधा हिला तोवर दोनदा दाखवून झालं होतं. दुसऱ्या वेळी पाहुण्यांनी तिला पाटावरून उठवून चालायला लावलं, केस मोकळे सोडून दाखवायला सांगितलं. ते गेल्यावर तिनं पाट उचलून माळ्यावर टाकला आणि जाहीर केलं, "मी पुन्हा बसणार नाही." तिचे वडील संतापले. "मग बस जन्मभर घरी!" दोन दिवस बापलेकीचं बोलणं बंद. तेवढ्यात इंदूरहून स्थळ आलं. मुलगा वसंत, मूळचा ग्वाल्हेरचा, सचिवालयात कारकून. हेही हातचं जाणार असं मी धरून चालले होते. आक्का आली, सगळं ऐकलं आणि धाकट्या भावाला म्हणाली, "बाळ, पाटावर नको. कालियादेहला आण तिला. त्यांनाही तिथेच बोलावते."

उज्जैनबाहेरच्या कालियादेहच्या जुन्या महालात नदीचं पाणी दगडी कुंडांतून खळाळत जातं. बाहेर अंग भाजत असलं तरी तिथे पाय गार पडतात. वसंतची आई चंदेरी नेसून, मुलगी बघायच्या तयारीनं आली होती. आक्कानं तिच्या हातात काकड्यांची टोपली आणि विळी दिली. "इथे बघायला कुणी येत नाही, बाई. सगळे खायला येतात." मला डाळ, सुधाला गोवऱ्या, वसंतला बाफले. तो बिचारा बाह्या सरसावून बसला आणि कणकेचे गोळे सरळ निखाऱ्यांत टाकू लागला.

"अहो! आधी उकळले का?" सुधा ओरडली.

"उकळायचे असतात?"

"तुमच्या ग्वाल्हेरला काय करतात?"

"ग्वाल्हेरला आई करते."

सगळा घोळका हसला, त्याची आईसुद्धा. सुधा चिमटा घेऊन धावली, दोघांनी मिळून गोळे बाहेर काढले, त्याचं बोट भाजलं, तिनं कुंडाकडे बोट दाखवलं. मग तो पातेल्यापाशी बसला आणि प्रत्येक बाफला वर आला की "हा झाला?" असं तिला विचारू लागला. माझी मुलगी परक्या माणसाशी मान वर करून बोलत होती. माझं डाळीकडे लक्ष नव्हतं, हे सांगायला नकोच.

जेवणं झाली. कुंडात पाय सोडून बसल्या बसल्या त्याची आई म्हणाली, "आम्हांला मुलगी पसंत आहे." आमच्या ह्यांनी हात जोडलेसुद्धा. तेवढ्यात आक्का म्हणाली, "थांब रे बाळ. सुधाला विचारलंस?"

ह्यांचे हात जोडलेलेच राहिले. मुलीला विचारायचं, तेही मुलाच्या आईसमोर! सुधा लाल झाली, पण बोलली. "मला पसंत आहे. पण इंटरची परीक्षा दिल्याशिवाय लग्न करणार नाही. वर्षभर थांबावं लागेल."

"वर्षभर?" त्याच्या आईच्या कपाळावर आठी. गेलं, मी मनात म्हटलं.

वसंतच्या नाकाला काजळी लागली होती. तो म्हणाला, "थांबू या की, आई. तोवर नव्या राज्याची राजधानी कुठे जाते तेही कळेल. बिऱ्हाड एकदाच मांडू." आक्का इतक्या मोठ्यानं हसली की कुंडावरची कबुतरं उडाली. परतताना ती टांग्यात गात होती, आणि तिला गाता येत नसे.

राजधानी भोपाळला गेली, सुधा इंटर झाली, बिऱ्हाड एकदाच मांडलं गेलं.

परवा देवासहून एक गृहस्थ आमच्या धाकट्या शालूसाठी स्थळ घेऊन आले. घर चांगलं, नोकरी पक्की. हे म्हणाले, "अवश्य या बघायला." माझ्या तोंडून "थांबा" निघालं. कुणाच्या आवाजात निघालं ते ह्यांनीही ओळखलं असावं, कारण ते थांबले. मी आत गेले. शालू तांदूळ निवडत होती. तिला सगळं सांगितलं आणि विचारलं. तिनं हातातला खडा बाजूला टाकला आणि मान हलवून म्हणाली, "नको, आई."

मी बाहेर येऊन सांगितलं, "नको म्हणते."

"कोण म्हणते?" गृहस्थ गोंधळले.

"जिचं लग्न आहे ती," मी म्हटलं. "ऊन फार आहे, सरबत घेऊन निघा."