कोपऱ्यातली गादी

गादीवाल्याच्या घरी पहिल्यांदा आलेला माणूस आधी हसायचा आणि मग बसायचा. हसणार नाही तर काय करणार? टेबलाच्या कोपऱ्यांना कापसाच्या गुंड्या बांधलेल्या, दाराच्या चौकटीला कमरेइतक्या उंचीपर्यंत रजईचे तुकडे ठोकलेले आणि न्हाणीघरातल्या नळाला चक्क टोपडं! “नळाला सर्दी झाली का हो?” असं शेजाऱ्याने एकदा विचारलंही होतं. गादीवाला नुसता हसला. खरं कारण सांगत बसायचा त्याला कंटाळा होता.

कारण म्हणजे त्याची लेक. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून तिला सगळे भिंगरीच म्हणायचे. आणि नेमकं हिचंच रक्त जन्मापासून लवकर गोठत नव्हतं. वरवर खरचटलं तर दाबून धरता यायचं, पण मुका मार बसला की आतल्या आत रक्त साचायचं, सांधा टम्म फुगायचा आणि मग इंजेक्शनं, बर्फ, हॉस्पिटलची खाट. म्हणून भिंगरी रस्त्याने भिंतीच्या कडेकडेने चालायची. शाळेच्या मैदानात ती खेळणाऱ्या मुलींच्या चपला सांभाळायची. बाप दिवसभर लोकांच्या गाद्या भरायचा आणि उरलेला कापूस घरी आणून आणखी कुठेतरी बांधायचा. एवढ्याने भागेल असं त्या भल्या माणसाला वाटायचं.

एकदा दुकानात ज्युदो शिकवणाऱ्या बाई आल्या. अंगाने ठेंगण्या, खांद्याने रुंद आणि तोंडाने फटकळ. गॅरेजच्या वरचा हॉल त्यांनी भाड्याने घेतला होता आणि तिथे अंथरायला गाद्या हव्या होत्या.

“कडक भरा हं दादा,” बाई म्हणाल्या. “या झोपायच्या नाहीत, पडायच्या आहेत. वर उभं राहिल्यावर पाय रुतता कामा नये. पाय रुतला की अंग फिरतं आणि गुडघा तिथंच राहतो.”

“पडायच्या म्हणजे?” कापसाच्या ढिगामागून भिंगरीने डोकं वर काढलं.

“आमच्याकडे आधी पडायलाच शिकवतात. पाडायचं मागाहून.”

“मला तर पडायला बंदी आहे,” भिंगरी म्हणाली, आणि तिने आपली सगळी कहाणी रंगवून सांगितली. बाईंनी ती नीट ऐकून घेतली.

“मग हिला तर सगळ्यांच्या आधी पाठवा,” त्या गादीवाल्याला म्हणाल्या. “पडणार तर ही आहेच. निदान नीट पडेल.”

घरी हे कळलं तेव्हा भिंगरीच्या आईने हातातलं काम टाकलं. “त्या बाईंचं डोकं ठिकाणावर आहे ना? आणि अहो, तुमचं?” डॉक्टर तरी नाही म्हणतील अशी तिला आशा होती, पण त्यांनी अटी घालून परवानगी दिली. शिकवणीच्या दिवशी सकाळी इंजेक्शन, कुणाशी कुस्ती नाही, कुणी हिला उचलून टाकायचं नाही. फक्त पडणं आणि पावलं. आईचा जीव तरी थाऱ्यावर येईना. शेवटी गादीवाला छाती पुढे काढून म्हणाला, “अगं, गाद्या माझ्या हातच्या आहेत. मी आहे ना!”

इथेच माशी शिंकली. जाड कॅनव्हासच्या खोळी शिवून त्याने त्यात काथ्या ठासून ठासून भरला, बाईंनी अंगठा दाबून पाहावा आणि अंगठा दुखावा इतका. पण शेवटची गादी भरताना त्याचा हात अडखळला. या दगडावर माझी पोर आपटणार? त्याने दाभण तोंडात धरलं. मग त्याने त्या खोळीतला निम्मा काथ्या उपसला आणि बाळांच्या गाद्यांसाठी राखून ठेवलेला सगळ्यात मऊ कापूस आत घातला. वरून टाके असे घातले की कुणाच्या बापाला कळू नये. ती गादी हॉलच्या कोपऱ्यात त्याने स्वतःच्या हाताने अंथरली आणि म्हणाला, “बाई, हिला इथे कडेलाच राहू द्या. गर्दीत नको.” बाईंना त्यात काही वावगं दिसलं नाही.

भिंगरीसाठी पांढरा जाड ड्रेसही त्यानेच शिवला. वाढत्या अंगाचा. बाह्या दुमडून दुमडून ती त्यात बुजगावण्यासारखी दिसायची आणि आरशासमोरून हलायची नाही.

पुढचे काही महिने त्या घराने असे दिवस पाहिले की विचारू नका. गादीवाला हॉलच्या जिन्यावर बसून आतले आवाज ऐकायचा. बाई शिकवायच्या, हनुवटी छातीशी, पाठ गोल, आणि पडतापडता सगळा हात गादीवर आपटायचा. लेकीच्या हाताचा आवाज तो बाकीच्यांतून ओळखायला लागला. ती घरी पलंगावरून मुद्दाम लोळण घ्यायची आणि आईची किंकाळी ऐकून खो खो हसायची. एके संध्याकाळी दुकानाच्या दारातून त्याने पाहिलं तर पोरगी भिंत सोडून रस्त्याच्या मधून, हात हलवत चालली होती. त्याचे डोळे भरून आले.

मग तो दिवस आला. इतके दिवस कोपऱ्यात नुसतं बसून पडणंच झालं होतं; त्या दिवशी पावलांचा सराव पहिल्यांदाच चालला होता. भिंगरी शेजारच्या कडक गादीवरून गर्रकन वळत कोपऱ्यातल्या गादीवर आली. पाय घोट्यापर्यंत आत गेला. अंग फिरलं, गुडघा तिथंच राहिला. ती पडली मात्र अगदी शिकवल्यासारखी. हनुवटी आत, हात सपाट. जिन्यावर बसलेल्या बापाने तो आवाज ऐकला आणि खूशही झाला. पुढची किंकाळी त्याला ओळखता आली नाही.

भिंगरी कितीतरी आठवडे हॉस्पिटलात होती. गुडघा वाचला, पण पुरता सरळ कधी झाला नाही. वॉर्डाबाहेर आई बाईंच्या अंगावर धावून गेली. “तुमच्या नादी लागून माझ्या पोरीचं वाटोळं झालं! आता ती त्या हॉलची पायरी चढणार नाही!” बाई मान खाली घालून म्हणाल्या, “माझं लक्ष हवं होतं.” गादीवाला दोघींच्या मध्ये उभा होता, तोंडात मिठाची गुळणी धरून.

त्या आठवड्यात तो ती गादी गुपचूप दुकानात घेऊन आला, कापूस काढून काथ्या भरला आणि परत ठेवायला गेला. बाईंनी अंगठा दाबून पाहिला. या वेळी तो दुखला. मग त्याच्याकडे पाहिलं.

“दादा,” त्या हळू म्हणाल्या, “मी कुणाला काही सांगणार नाही. पण पोरगी बरी झाली की तिला पाठवा. तिला पडता येतं. चूक तिची नव्हती, पडण्याची पण नव्हती. एवढं तिच्या आईला सांगा.”

“बघतो,” तो म्हणाला.

बघतो म्हणाला आणि बघतच राहिला. आज सांगू, उद्या सांगू. बायको काय म्हणेल याची भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती लेकीच्या नजरेची होती. दोन-तीन वर्षांत बाईंनी हॉल सोडला, गाव सोडलं. भिंगरी पुन्हा भिंतीच्या कडेने चालायला लागली. पुढे औषधांच्या दुकानात काउंटरच्या आत बसून काम करू लागली. लोक म्हणायचे, किती शांत आहे हो तुमची मुलगी. हे ऐकलं की गादीवाला ताटावरून उठायचा.

गेल्या महिन्यात म्हातारा झालेला गादीवाला दुकानातल्या स्टुलावरून पडला. सावरायला हात खाली टेकला आणि मनगट मोडलं. प्लास्टर घालून घरी आल्यावर लेक त्याच्या सदऱ्याची बटणं लावत होती.

“हात टेकायचा नसतो, बाबा,” ती म्हणाली. “हनुवटी आत घ्यायची आणि सगळा हात सपाट आपटायचा.”

“तुला अजून आठवतं?”

“न आठवायला काय झालं?”

त्याच्या छातीत इतकी वर्षं अडकलेलं बाहेर पडलं. “त्या कोपऱ्यातल्या गादीत मी कापूस भरला होता गं.”

भिंगरीचे हात थांबले नाहीत. “माहीत आहे. पाय आत गेला तेव्हाच कळलं. घरच्या गादीवर उभं राहिल्यासारखं वाटलं.”

“मग आईला सांगितलं का नाहीस? तिने पाठवलं असतं तुला परत.”

“तुम्ही सांगाल असं वाटलं होतं,” ती म्हणाली. “मी वाट बघत होते. गुडघा दुखायचा थांबल्यावर दर रविवारी तो पांढरा ड्रेस घालून बघायचे.”

“किती दिवस?” म्हाताऱ्याने कसंबसं विचारलं.

“आखूड होईपर्यंत,” भिंगरी म्हणाली आणि तिने त्याचं वरचं बटण लावलं.