जाईबाईंची काही हरकत नाही

माझा नवरा धर्मपाल नक्की काय काम करतो, हे मेलबर्नजवळच्या आमच्या टार्निटमध्ये कुणालाही समजावून सांगता येत नाही. सुरुवातीला मी प्रयत्न केला. म्हटलं, युरोपात पाणी, वीज, गॅस, हवा असल्या गोष्टींवर कायदे होतात. कायदा पक्का व्हायच्या आधी त्याचा मसुदा लोकांसमोर ठेवतात आणि ज्यांना तो जड जाणार असतो ते लोक धर्मपालसारख्या माणसाला गाठतात, की बाबा रे, आमची बाजू नीट लिहून दे. समोरच्या विनीताने हे सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, म्हणजे कोर्टाबाहेर बसतात तसे अर्ज लिहून देतो का? मी हो म्हटलं. तेव्हापासून सगळ्यांना तेच सांगते.

नेदरलँड्समध्ये मास्टर्स, मग ब्रसेल्समधल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत चार वर्षं, आणि मग माझ्या हट्टापायी मेलबर्न. इथली नोकरी २०२०च्या एप्रिलमध्ये कोविडने खाल्ली. तेव्हा ब्रसेल्सची जुनी बॉस हिल्डे म्हणाली, नाहीतरी आम्ही सगळे आपापल्या स्वयंपाकघरातच बसलोय, तू तुझ्या स्वयंपाकघरातून काम कर. सहा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट. सप्टेंबरला संपणार, पुढचं तेव्हा बघू. म्हणजे त्या हिवाळ्यात आमच्या घरात सगळे श्वास रोखून होते. धर्मपाल संध्याकाळी सहाला कानटोपी काढून, केस सारखे करून लॅपटॉपसमोर बसायचा. पलीकडे सकाळचे दहा, भर उन्हाळा, अर्ध्या बाह्यांचे शर्ट.

माणूस हुशार, यात वाद नाही. पण स्वतःचं मत म्हणून काही सांगणार नाही. लग्न ठरताना मी त्याला सरळ विचारलं होतं, मी आवडले का? तर म्हणाला, एकंदर प्रतिसाद सकारात्मक आहे. मी तेव्हाच उठायला हवं होतं. त्याच्या धंद्यात कुठल्याही प्रश्नावर आधी पर्याय मांडतात, आणि पहिला पर्याय कायम ठरलेला असतो: काहीही न करणे. आमच्या बाथरूमचा नळ गळायला लागला तेव्हा आठ दिवस आम्ही पहिला पर्याय राबवत होतो.

तर जूनमध्ये, म्हणजे इथल्या ऐन थंडीत, या माणसाने घराच्या हीटिंगचा प्रश्न हाती घेतला. पॅसेजच्या भिंतीवर थर्मोस्टॅट आहे, तो त्याने सतरावर आणून ठेवला. ऊर्जा वाचवा म्हणून दिवसभर दुसऱ्यांना लिहायचं आणि स्वतःच्या घरात बावीस ठेवायचं, हे त्याला पटत नव्हतं म्हणे. पण परस्पर निर्णय लादला असं नको, म्हणून त्याने रीतसर मतं मागवली. थर्मोस्टॅटखाली कागद चिकटवला. पहिला पर्याय काहीही न करणे, म्हणजे आहे ते सतराच, आणि मग सतरा, एकोणीस, एकवीस. मुदत दोन आठवडे. आमच्या नऊ वर्षांच्या चारुताने त्यावर ‘डॉग’ असं लिहिलं, कारण तिला कुत्रा हवा होता आणि कुठल्याही कागदावर ती तेच लिहायची. मी काहीच लिहिलं नाही. मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, डँडेनॉन्गच्या एका डेअरीत क्वालिटीला आहे, पनीर आणि दही. लॉकडाऊनचं परमिट दाखवून पहाटे गाडी काढायची आणि दिवसभर चार डिग्रीच्या कोल्डरूममध्ये वावरायचं. तिथून घरी आलं की मला सतरा म्हणजे अकोल्यासारखं वाटायचं.

राहिली माझी आई. आई फेब्रुवारीत तीन महिन्यांसाठी अकोल्याहून आली आणि विमानं बंद झाल्यावर इथेच अडकली. अकोल्याच्या ज्या उन्हात डांबर चपलेला चिकटतं, तिथे ही बाई दुपारी बाजाराला जाते. जन्मात हिने स्वेटर घेतला नव्हता. धर्मपाल तिच्यासमोर वही घेऊन बसला आणि त्याने विचारलं, आई, तुम्हाला या तापमानाबद्दल काही हरकत आहे का? आई म्हणाली, “मले काय होते? बरी हाय मी. मले काही नको.” त्याने ते तसंच्या तसं लिहून घेतलं. दोन आठवड्यांनी फ्रिजवर अहवाल लागला: ज्येष्ठ सदस्य जाईबाई, हरकत नाही. एक सूचना कुत्र्याबाबत, विषयाबाहेरची.

मला याचा तेव्हा संताप यायला हवा होता, पण मी फक्त हसले. चूक माझीही आहे. सासू जावयाच्या घरी पाणीसुद्धा मागत नाही, हे मी लहानपणापासून बघत आले. आईची आई आमच्याकडे यायची तेव्हा बाबांनी विचारल्यावर चहासुद्धा तीनदा नको म्हणायची. हे धर्मपालला ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? त्याच्याही घरी हेच. पण हातात वही आली की या माणसाच्या डोक्यातून अख्खा महाराष्ट्र निघून जातो.

त्याच दिवसांत हिल्डेने त्याच्यावर पहिलं मोठं काम सोपवलं. लहान लहान गावांना गॅस आणि वीज पुरवणाऱ्या कंपन्यांचा एक संघ होता. नव्या मसुद्यात असं होतं, की कुठल्या घरात म्हातारी माणसं थंडीत कुडकुडतात हे कंपन्यांनी स्वतःहून शोधून काढायचं. संघाला ती कटकट नको होती. त्यांनी सत्तरीच्या पुढच्या आपल्या ग्राहकांना फोन करकरून विचारलं होतं, आणि शंभरातल्या चौऱ्याण्णव जणांनी सांगितलं होतं, आमची काही तक्रार नाही. एवढा भक्कम आकडा हातात असल्यावर काय, धर्मपालने बारा पानांचं निवेदन लिहिलं. गुरुवारी ते संघापुढे मांडायचं. हिल्डेने आडून सांगितलं होतं, की सप्टेंबरनंतरचं या गुरुवारवर ठरेल.

बुधवारी दुपारी मी कामावर असताना त्याला आईला चहा विचारावासा वाटला. आई खोलीत नाही. स्वयंपाकघरात नाही. लॉकडाऊनमध्ये माणूस जाऊन जाऊन जाणार कुठे? त्याने चारुताला विचारलं. ती ऑनलाइन शाळेत होती. तिने स्क्रीनवरून नजरही न हलवता सांगितलं, “आजी इज इन द कार. अ‍ॅज ऑलवेज.”

ड्राइव्हवेवर त्याची जुनी गाडी उभी असते, मी माझी नेते. दुपारी तिच्या काचेतून ऊन सरळ आत येतं. आई पुढच्या सीटवर पाय वर घेऊन, शाल सोडून, स्वेटरची बटणं उघडी टाकून बसली होती. मांडीवर फोन, फोनवर भीमगीतं, आणि हातात विनीताच्या घरचा सूपचा डबा. महिनाभर अकरा ते दोन आईचा मुक्काम गाडीत होता. आमच्या गल्लीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, ज्यात आम्ही दोघंही नाही, तीन आठवडे चर्चा चालली होती, की धर्मपाल सासूला गाडीत ठेवतो. विनीता मास्क लावून रोज काहीतरी गरम आणून बॉनेटवर ठेवायची आणि लांब उभी राहून आईला धीर द्यायची.

धर्मपालने काच वाजवली. आईने आधी सूप लपवलं. मग म्हणाली, गाणी ऐकत होते, घरात तुमच्या मीटिंगले तरास नको. तो दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर बसला. बराच वेळ बसला, आणि तिथे किती ऊबदार आहे ते त्याच्या लक्षात आलं. मग त्याने विचारलं, आई, घरात थंडी वाजते का? आईने त्याच्याकडे न बघता, समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत सांगितलं, “जावयाच्या घरी राहून जावयालेच सांगू का, थंडी वाजते म्हणून?”

मी चारला घरी आले तेव्हा त्याने मला हे सांगितलं. मला इतकं वाईट वाटलं की मी बूट न काढता तशीच पॅसेजमध्ये खाली बसले. माझी सख्खी आई, आणि मी रोज घरी येऊन ‘हुश्श, काय छान वाटतंय’ म्हणत होते. उठून मी थर्मोस्टॅट एकवीस केला. धर्मपाल मात्र डायनिंग टेबलाशी निवेदनाची बारा पानं घेऊन बसला होता. शेवटी म्हणाला, “मानसी, हे चौऱ्याण्णव जण गाडीत बसलेत.”

मला त्याचा रोख कळला. मी त्याला नीट शब्दांत सांगितलं, की आईला मी सांभाळते, तू तुझी नोकरी सांभाळ. उद्या लिहिलंय ते वाचायचं. अकरा वर्षं मत दिलं नाहीस, अजून एक दिवस देऊ नकोस. एवढं मोठं घर मला एकटीला झेपणार नाही. हे मी बोलले, मी नाकारत नाही. तो म्हणाला, दोन्ही बाजूंचा विचार करतो. हे ऐकून मी निश्चिंत झाले, कारण याचा अर्थ आजवर कायम पहिला पर्याय असाच झाला होता.

गुरुवारी सहाला मीटिंग. स्क्रीनवर चौदा चौकोन. मी भाजी चिरत कान देऊन होते. अकरा पानं व्यवस्थित गेली. मग संघाचे अध्यक्ष, जाड चष्म्याचे एक गृहस्थ, म्हणाले, छान, म्हणजे आपल्या गावांतली म्हातारी माणसं समाधानी आहेत असं आपण ठामपणे म्हणू शकतो ना?

धर्मपाल पाणी प्यायला. मग म्हणाला, मला वाटतं, नाही.

माझी सुरी थांबली. ‘मला वाटतं’ हे शब्द मी या माणसाच्या तोंडून इंग्रजीतही ऐकले नव्हते आणि मराठीतही. हिल्डेच्या भुवया वर गेल्या त्या खाली येईनात. अध्यक्षांनी विचारलं, याला पुरावा? धर्मपाल म्हणाला, एक मिनिट, आणि त्याने आईला हाक मारली.

आई आली. घर एकवीसवर होतं, पण महिन्याची सवय, आणि वीजबिलाची काळजी वेगळी. दोन स्वेटर, त्यावर शाल, धर्मपालची कानटोपी, पायांत मोजे आणि मोज्यांवर चप्पल. स्क्रीनवर इतके गोरे पाहुणे बघून तिने हात जोडले आणि जय भीम केला. अध्यक्षांनी फारच सौजन्याने विचारलं, मॅडम, तुमच्या घरात पुरेशी ऊब आहे का? भाषांतराला मी होते, हातात भेंडी घेऊन. मी आईला विचारलं. आईने कानटोपी खाली ओढली, शाल घट्ट केली आणि हसून सांगितलं, “लय मस्त हाय. मले काही नको. तुमी सगळे जेवले का?”

मी जशीच्या तशी इंग्रजी केली. तिला काही त्रास नाही, आणि आपण जेवलात का असं ती विचारते.

मला वाटलं, संपलं, आता डेअरीत डबल शिफ्ट मागायची. मग खालच्या कोपऱ्यातल्या एक बाई, कुठल्याशा डोंगरातल्या गावच्या कंपनीच्या, तोंडावर हात ठेवून हसायला लागल्या. हसता हसता त्यांनी चष्मा काढला, डोळे पुसले आणि म्हणाल्या, ही थेट माझी आई आहे. फोनवर तिनेही हेच सांगितलं होतं, आणि मी तिला त्या चौऱ्याण्णवांत धरलं.

आता यानंतर युरोपचा कायदा बदलला वगैरे काही समजू नका. अध्यक्ष शेवटपर्यंत नाराजच होते. अकरा मसुदे होऊन त्या निवेदनाच्या नवव्या पानावर एक वाक्य राहिलं, की तक्रार नाही याचा अर्थ गरज नाही असा घेऊ नये. धर्मपालला कॉन्ट्रॅक्ट आणखी तीन महिने मिळालं, त्यानंतरचं पुन्हा बघू. हिल्डेने आईला नमस्कार कळवला. त्या डोंगरातल्या बाई मात्र अजून दर महिन्याला मेल करून विचारतात, जाईबाई जेवल्या का?

मीटिंगच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी मला सुट्टी होती. सकाळी चहा गाळत होते, धर्मपाल फ्रिजवरचा अहवाल काढत होता. आई तिच्या खोलीतून आली आणि थर्मोस्टॅटसमोर उभी राहिली. पदर सारखा केला. मग जावयाकडे वळली. सहा महिन्यांत तिने त्याच्याकडे मिठाची बरणीसुद्धा मागितली नव्हती.

“जावईबुवा, एक सांगू का?” ती म्हणाली. “बावीस करा.”

धर्मपालच्या तोंडावर पर्याय आले, मला दिसले. त्याने ते गिळले आणि बावीस केलं.