आयडी म्या बंद केला

आमच्या विद्यापीठाच्या होस्टेलांमधलं नेट पोट्टेच सांभाळतात. कमवा-शिका योजनेतली आठ मुलंमुली माझ्या हाताखाली आहेत. क्लास संपले की रोज दोन तास काम. वायफाय चालत नाही, लॅपटॉप नेट पकडत नाही, कोणीतरी राउटरचा प्लग काढून तिथं कूलर लावलाय, हे सगळं ते बघतात आणि मी कॉम्प्युटर सेंटरमध्ये बसून उंटावरून शेळ्या हाकते. खोटं कशाला सांगू, मला राग लवकर येतो आणि तो आधी ह्या मुलांवरच निघतो.

नवीन मुलांना मी पहिल्याच दिवशी एक सांगून ठेवायची. नेट गेलं आणि कोणी भांडायला आलं, तर म्हणायचं, वरून लाईन गेली आहे. लोक वरच्याला शिव्या देतात आणि आपला जीव वाचतो. माझी पंधरा वर्षं ह्यावरच निघाली होती.

मागच्या उन्हाळ्यात मुलींच्या होस्टेलचं नेट फार रखडायला लागलं. एका मुलीच्या वायफाय आयडीवर फोन-लॅपटॉप धरून दोनच यंत्रं लावायची असा नियम आहे, पण पाळतं कोण? साहेबांनी सकाळी सकाळी मला झापलं. मी तशीच भणभणत त्या होस्टेलचं काम बघणाऱ्या मुलीला बोलावलं. सावनेरकडची, एमसीएला शिकणारी, कमी बोलणारी पोरगी. ह्या कामावरच तिचं मेसचं भागायचं.

"तिसरं यंत्र दिसलं की आयडी ब्लॉक," मी म्हटलं. "दिवसभरासाठी."

"मॅडम, आधी फोन करून विचारू का?"

"विचारत बसली तं संध्याकाळ होईन. कर ब्लॉक."

तिनं केलं. दुपारी साडेबाराला ती माझ्यासमोर उभी, आणि सोबत होस्टेलची एक मुलगी, रडून डोळे सुजलेली. एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाची. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत तिची सकाळी अकराला ऑनलाइन मुलाखत होती. स्वतःच्या लॅपटॉपचा कॅमेरा बंद, म्हणून तिनं मैत्रिणीचा आणला होता. स्वतःच्या लॅपटॉपवर टिपणं उघडलेली, फोन बाजूला. झाली तीन यंत्रं. पहिल्या प्रश्नाचं उत्तर अर्ध्यावर असताना सगळं एकदम गेलं. खोलीत मोबाईलची रेंज नाही. गेटपर्यंत पळत जाऊन फोन लागेपर्यंत त्यांनी पुढच्या उमेदवाराला घेतलं होतं.

माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "वरून लाईन गेली होती बाई. आमच्या हातात काही नव्हतं."

"नाही, मॅडम," आमची पोरगी म्हणाली. "लाईन नव्हती गेली. हिचा आयडी म्या बंद केला."

मला कोणी तोंडात मारल्यासारखं झालं. मी तिला बाहेर व्हरांड्यात नेलं आणि जे सुनावलं ते इथं सगळं लिहिण्यासारखं नाही. "हात दाखवून अवलक्षण कायले करून घेऊन राहिली? तुले कोणं विचारलं होतं?"

तिचा आवाज जराही चढला नाही. "तिनं बंगळूरवाल्यायले मेल लिहून ठेवला, मॅडम. माझाच लॅपटॉप खराब होता, माफ करा म्हणून. तिले वाटून राहिलं का सगळं तिच्याच चुकीनं झालं. तो मेल गेला तं ते तिले पुन्हा काहून घेतीन? आपण कागद देऊ. अकरा वाजून सात मिनिटांनी आयडी बंद केल्याची नोंद आहे आपल्याकडं."

आत येऊन तिनं पंधरा मिनिटांत पत्र टाईप केलं. उमेदवाराची चूक नाही, तिचा आयडी मी अमुक वेळेला बंद केला, आधी चौकशी केली नाही, कृपया तिला पुन्हा संधी द्यावी. खाली तिची सही, आणि माझ्या सहीशिक्क्यासाठी जागा.

मी दोनदा वाचलं. माझ्या हुकमाचा त्यात एक शब्द नव्हता.

"म्या सांगितलं होतं ब्लॉक करायले. ते काहून नाही लिहिलं?"

"तुमची नोकरी आहे, मॅडम. माझं फार तं काम जाईन."

मेसचं काय करशील, हे मी विचारलं नाही. विचारायची लाजच वाटली. माझ्या पोटच्या मुलीएवढं वय तिचं, आणि ती मला पाठीशी घालून राहिली होती. मी तिला खुर्चीवरून उठवलं, स्वतः बसले आणि एक ओळ वाढवली. आयडी बंद करण्याचा आदेश माझा होता आणि चौकशी करायलाही मीच मनाई केली होती. सही केली, शिक्का मारला, मेल पाठवला. साहेबांनाही प्रत पाठवली, म्हटलं होऊ दे काय व्हायचं ते.

साहेबांनी बोलायचं ते बोलून घेतलं. चार वाजता बंगळूरहून उत्तर आलं, उद्या साडेअकराला या.

दुसऱ्या दिवशी मुलाखत माझ्याच खोलीत ठेवली. वायफायचा भरवसा नको म्हणून आमच्या पोरीनं केबल ओढली, दोनदा तपासली, आणि आम्ही दोघी दार लोटून बाहेर उभ्या राहिलो. आतून आधी अडखळत, मग सरळ इंग्रजी ऐकू येत होतं. अर्ध्या तासानं दार उघडलं. ती मुलगी माझ्याकडं न बघता हिच्याकडंच गेली आणि म्हणाली, "झालं वं. सगळं विचारलं त्यायनं, सगळं सांगितलं."

पुढं तिची निवडही झाली. पण त्या क्षणी आमची पोरगी, कालपासून डोळ्यात टिपूस न आणलेली, भिंतीला टेकून खाली बसली आणि हमसून हमसून रडली. रात्रभर झोपलीच नव्हती ती. मीही तिच्याजवळ फरशीवर बसले. व्हरांड्यातून येणारे जाणारे बघत होते. तिच्या पाठीवर हात ठेवून मी म्हटलं, "चूक माझी होती वं. तू नको रडू."