उजव्या गालाची दाढी

धर्मापुरीच्या धुळाजी धनगराची दाढी आसपासच्या चार गावांत माहीत होती. केस जाड, ताठ, आणि वाढायचे कुठल्याही दिशेने. गावचा न्हावी सुग्रीव बुधवारी पाराखाली बसायचा, तेव्हा धुळाजीला सगळ्यात शेवटी घ्यायचा. त्याची दाढी होईपर्यंत वस्तऱ्याची धार गेलेली असायची, पुढच्या माणसाला तो लावता येत नसे. धुळाजी घोंगडीवर बसून निवांत वाट बघायचा. त्याला कधी घाई नसायची.

परळीला रेल्वे येऊन दोन-तीन वर्षं झाली होती, त्या हिवाळ्यातली ही गोष्ट. एका बुधवारी सुग्रीवचा वस्तरा धुळाजीच्या उजव्या गालावर सरकला. बोटाच्या पेराएवढी चीर पडली. रक्त हनुवटीवरून गळ्यात आणि तिथून बंडीवर उतरलं, तरी धुळाजी आपल्या एका गाभण मेंढीबद्दल सांगत होता ते सांगतच राहिला.

सुग्रीवने हात थांबवला. "तात्या, लागलं न्हाई का?"

"काय लागलं?"

सुग्रीवने तुरटीचा खडा जखमेवर दाबून धरला. ताज्या जखमेला तुरटी चांगली झोंबते, आणि सुग्रीव मुद्दाम त्याच्या डोळ्यांकडे बघत होता. डोळे हलले नाहीत. त्याच गालावर कानाजवळ एक फिकट चट्टा होता, रुपयापेक्षा थोडा मोठा. उन्हाने पडला असेल असं घरात सगळे म्हणायचे. पारावर सुंदरराव पाटील बसले होते. त्यांनीही हे पाहिलं.

पुढच्या बुधवारच्या आधीच सुग्रीव मेंढवाड्यापर्यंत आला आणि लांब उभा राहिला. पाटलांचा निरोप होता, की एक तर धुळाजीची दाढी कर, नाहीतर बाकीच्या गावाची. मला पोरंबाळं आहेत, एवढं बोलून तो खाली बघत राहिला. धुळाजी बरं म्हणाला.

त्याला तेव्हा वाईट वाटलं का, असं मी साखराबाईंना विचारलं होतं. साखराबाई म्हणजे धुळाजीची मुलगी. ही सगळी हकीकत मी त्यांच्याकडूनच ऐकली. त्या म्हणाल्या, "कळलं न्हाई. आबा तवापास्नं तसेच झालते. सांगितलं तेवढं करायचे."

दोन महिन्यांत दाढी पेरभर वाढली आणि चट्टा तिच्याखाली गेला. धुळाजीची बायको भामाबाई हिला त्याचं बरंच वाटलं. साखराची सोयरीक सिरसाळ्याच्या सटवाच्या मुलाशी जुळली होती. सटवाचीही मेंढरंच होती, घर चांगलं होतं, आणि लग्न चैत्रात धरलं होतं. तोवर चट्टा झाकलेला राहिला तर चांगलंच, असा तिचा हिशेब. पण केसांखाली तो वाढतोय की काय हे समजेना, म्हणून शेवटी तिनेच नवऱ्याला परळीच्या दवाखान्यात धाडलं.

डॉक्टर हैदराबादकडचे होते. त्यांनी धुळाजीला डोळे मिटायला लावलं, आणि गालावर पक्ष्याचं पीस टेकवत, ते जिथे जिथे लागेल तिथे बोट ठेवायला सांगितलं. डाव्या गालावर त्याने प्रत्येक वेळी बरोबर बोट ठेवलं. मग बराच वेळ काहीच झालं नाही, म्हणून तो डोळे मिटून वाट बघत बसला. डॉक्टरांनी अजून उजवीकडे सुरुवात केली नसेल, असं त्याला वाटलं. त्यांचं तोवर संपलंही होतं.

डॉक्टरांनी रोगाचं नाव सांगितलं. सुरुवात आहे म्हणाले. दर मंगळवारी यायचं, चट्ट्याच्या कडेकडेने कडू कवठीच्या तेलाची सुई घ्यायची. कड दिसली पाहिजे, तिथे जखम झाली तर तीही दिसली पाहिजे, म्हणून दाढी ठेवायची नाही. धुळाजीने न्हाव्याचं सांगितलं. डॉक्टर म्हणाले, "उस्तरा नक्कोच. तुमकू कटे सो समझता नै. सेफ्टी लेव, आपने हात से करो."

सेफ्टी म्हणजे आपल्या हाताने दाढी करायचं, पातं बसवलेलं हत्यार; धुळाजीने ते कधी पाहिलं नव्हतं. विचारत विचारत तो उत्तरेश्वर आप्पांच्या दुकानाशी आला. वैजनाथाच्या देवळाकडे चढणाऱ्या रस्त्यावर त्यांचं दुकान होतं. रेल्वे आल्यापासून तिथे कंदील, साबण, कंगवे, असला हैदराबादचा माल मिळायचा. धुळाजी पायरीच्या खालीच उभा राहिला.

"आप्पा, आदी सांगतो. मला महारोग हाय. डागदरानं सेफ्टी घ्यायला सांगितली. मालाला हात लावू का नको ते तुमी सांगा."

 उत्तरेश्वर आप्पांनी फळीवर जुना कागद अंथरला, कपाटातून तीन सेफ्ट्या काढून त्याच्यावर ठेवल्या आणि आपण मागे सरकून बसले. "बघा निवांत," म्हणाले. "तुमी गेल्यावर उकळून घेतो."

आप्पांची स्वतःची दाढीही राठ होती, त्यामुळे त्यांना यातलं कळत होतं. लांबूनच बोट दाखवून त्यांनी सेफ्टी कशी उघडते ते सांगितलं. मूठ फिरवली की तीन तुकडे सुटे होतात, मधे दोन्हीकडे धार असलेलं पातं बसतं, वरून टोपण आवळायचं. एक सेफ्टी पत्र्याची होती, खूप चकाकणारी. दुसऱ्या दोन पितळेच्या, वर निकेलचा मुलामा दिलेल्या. त्या दोघींत फरक एवढाच, की एकीच्या पात्याखालच्या पट्टीला कंगव्यासारखे दाते होते आणि दुसरीची पट्टी सरळ, बंद होती.

धुळाजी वर्षातून दोनदा मेंढ्या कातरायचा. हत्याराची पारख त्याच्या हातात होती. त्याने आधी तिन्ही उचलून वजन पाहिलं. मग पातं चढवून एकेक उजेडात धरली. पत्र्याच्या सेफ्टीत पातं एका बाजूने जास्त बाहेर आलं होतं. "ही एका अंगानं चावंल," असं म्हणून त्याने ती बाजूला ठेवली. आप्पांनी तांब्याभर पाणी पुढे सरकवलं. धुळाजीने डाव्या हाताची मनगटाजवळची बाजू भिजवली, कारण तिथे त्याला सगळं लागत होतं. दात्यांची सेफ्टी एका फटक्यात साफ करून गेली. तिच्या दात्यांमधून केस उभा होऊन पात्याखाली येत होता, मेंढीची लोकर बोटांनी उचलून धरतात तसा. बंद पट्टीची सेफ्टी मऊ चालली, पण तिच्याखाली केस दबून राहिले, आणि दुसऱ्यांदा फिरवली तरी थोडे उरलेच.

"तुमच्या केसाला ती दात्यांचीच," आप्पा म्हणाले. "माझी बी तीच हाय. दुसरीनं राठ दाढी निघत न्हाई नीट."

धुळाजीने दात्यांवरून अंगठा फिरवला. "कातडं कापती का?"

"हात चुकला तर कापती. पर चुकला की कळतंच की लगीच."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते आप्पांच्या ध्यानात आलं. धुळाजीने ती सेफ्टी कागदावर ठेवली आणि बंद पट्टीची उचलली.

"मंग ही."

"केस ऱ्हातील हो."

"ऱ्हाऊ द्या. रगत याया नगं."

आप्पांनी आणखी बऱ्याच गोष्टी सांगितल्या. गरम पाण्याचं फडकं गालावर बराच वेळ धरायचं, साबण दोनदा लावायचा, सेफ्टी दाबायची नाही, तिच्या वजनानेच ती चालली पाहिजे. राठ केसाने पातं लवकर बोथट होतं, ते वेळच्या वेळी बदलायचं, आणि झाल्यावर कोरडं करून ठेवायचं. मेंढरू धुतल्याशिवाय आमीही कातरत नाही, असं धुळाजी म्हणाला. पात्यांची पुडी घेऊन, पैसे कागदावर ठेवून तो निघाला.

घरी भामाबाईने रोगाचं नाव ऐकलं आणि चुलीपुढे बसून राहिली. मग म्हणाली, लग्न होऊ द्या, दाढी नंतर काढा. धुळाजीने सेफ्टी कोनाड्यात ठेवली. पाच दिवस ती तिथेच होती. सहाव्या दिवशी, सोमवारी, लग्नाचं ठरवायला सटवा येणार होता. त्या सकाळी धुळाजीने पाणी तापवायला सांगितलं.

"आजच कावून?" भामाबाई म्हणाली.

"उद्या सुई हाय."

ती आणखी काही बोलली असेल, तर साखराबाईंच्या कानावर आलं नाही. पाणी तापलं एवढं खरं. धुळाजीने लांब केस मेंढ्यांच्या कातरीने उतरवले. भामाबाई गरम फडकं पिळून आधी आपल्या मनगटावर टेकवून बघायची आणि मग त्याच्या उजव्या गालावर ठेवायची, कारण भाजलं असतं तरी त्याला समजलं नसतं. डावा गाल त्याने आपला आपण केला. उजव्या गालावर कुठे केस राहिले ते भामाबाई बोट ठेवून दाखवू लागली. "हितं," ती म्हणाली. धुळाजीने सेफ्टी भलतीकडेच नेली. ती पुन्हा "हितं" म्हणाली आणि बोट जरा दाबलं. तेव्हा तिच्या ध्यानात आलं. तिने आरसा वळवून धरला, धुळाजीने आरशात तिचं बोट पाहिलं आणि सेफ्टी तिथे नेली. उरलेली दाढी त्यांनी अशीच पुरी केली.

रक्त आलं नाही. खुंट राहिले. कानाजवळचा चट्टा आता अंड्याएवढा झाला होता.

दुपारी सटवा आला. लिंबाखाली घोंगडी टाकलेली होती, तिच्यावर बसला आणि पाणी प्यायच्या आधीच त्याची नजर गालावर गेली. धुळाजीने त्याला डॉक्टरांनी सांगितलेलं सगळं सांगितलं.

सटवा म्हणाला, "दाढी ठिवली असती तर मला दिसलं नसतं, पाव्हणं."

"व्हय."

"मंग कावून काढली?"

"डागदरानं सांगितलं व्हतं."

  धुळाजीने खरेपणासाठी दाढी काढली असं गावात पुढे काही जण म्हणू लागले, पण साखराबाईंना ते पटत नसे. आबांनी तसा काही विचार केलाच नव्हता, असं त्या म्हणायच्या. सुई मंगळवारी होती, म्हणून दाढी सोमवारी केली.

दुसऱ्या दिवशी सटवा त्याच्याबरोबर परळीला गेला. वाटभर तो दहा पावलं पुढे चालत होता. डॉक्टरांना त्याने स्वतः सगळं विचारून घेतलं. मुलीच्या अंगावर चट्टा नसेल तर तिला काही नाही, घरात अंथरूण-पांघरूण वेगळं ठेवा, असं त्यांनी सांगितलं. परत आल्यावर सटवाने भामाबाईला बाहेर बोलावून आपली बोली सांगितली. लग्न सिरसाळ्यालाच होईल. धुळाजीने यायचं नाही. आणि डॉक्टर मोकळा म्हणेपर्यंत मुलगी माहेरी येणार नाही. "कबूल असंल तर मी शबूद फिरवीत न्हाई," तो म्हणाला.

धुळाजी लगेच म्हणाला, "कबूल."

साखरा दाराआड होती. आबांनी एक श्वासही मधे घेतला नाही, हे तिला फार लागलं. सटवा उठला आणि सिरसाळ्याच्या वाटेला लागला.  

लग्न झालं. भामाबाई आणि भावकीतली माणसं जाऊन आली. तिने आल्यावर जेवणाचं, मानपानाचं सगळं सांगितलं. पाणी पुरलं का, एवढंच धुळाजीने विचारलं.

त्यानंतर सात वर्षं दर सोमवारी दाढी आणि दर मंगळवारी परळी, असं चाललं. पात्यांसाठी तो आप्पांच्या पायरीखाली उभा राहायचा, आप्पा पुडी कागदावर ठेवायचे. सुया चट्ट्याच्या कडेने लागायच्या आणि तो भिंतीकडे बघत बसायचा. चौथ्या वर्षी एकदा सुई टोचताना काहीतरी लागल्यासारखं वाटलं, म्हणून त्याने डॉक्टरांना थांबवलं. त्यांनी डोळे मिटायला लावून पीस फिरवलं, दोनदा फिरवलं. काही नव्हतं. त्यांनी पुढची सुई दिली.

पण चट्टा वाढायचा थांबला, आणि दुसरीकडे कुठे उठला नाही. सातव्या वर्षी डॉक्टरांनी उर्दूत चिठ्ठी लिहून दिली. सुंदरराव पाटलांनी ती पारावर सगळ्यांपुढे वाचली आणि धुळाजीला वर बसायला सांगितलं. तो बसला. थोड्या वेळाने मेंढरांचं कारण सांगून उठला. सुग्रीव घरी येऊन म्हणाला, "तात्या, बुधवारी या आता." धुळाजी म्हणाला की हाताला सवय झालीय, राहू दे. त्याच्या बोलण्यात राग नव्हता, आणि सुग्रीवला तेच जड गेलं.

चिठ्ठीचं सिरसाळ्याला कळलं तसं सटवाने सुनेला गाडीत बसवून धाडलं. साखराबाईंबरोबर दोन मुलं होती. धुळाजी मेंढ्यांना पाणी दाखवत होता. "आलीस का," म्हणाला. मुलांकडे पाहिलं, पण जवळ घेतलं नाही. तिकडे मेंढरं किती आहेत, पावसात खुरं कुजतात का, असं विचारत राहिला. साखराबाई सांगत राहिल्या. बोलणं संपलं तरी दोघं तिथेच उभे होते.

मग धुळाजी म्हणाला, "तुजं लगीन व्हतं त्या दिशी मी माळावर गेलतो. तिथनं वऱ्हाडाच्या गाड्या दिसत्यात. पार लांब जाईस्तवर बघत व्हतो."

साखराबाईंनी धाकट्या मुलाला कडेवर घेतलं.

"काई वाटंना," तो म्हणाला. "लई वेळ बसलो. तरी वाटंना."

एवढं बोलून त्याने बादली उचलली आणि तो आत गेला. साखराबाई चार दिवस राहिल्या. जेवताना, मेंढरांत, बापलेकींचं बोलणं व्हायचं, पण त्या दिवसाचं कुणी पुन्हा काढलं नाही. पुढे त्या दर दिवाळीला येत राहिल्या. धाकटा मुलगा आजोबांमागे माळावर जायला शिकला. धुळाजी आणखी नऊ वर्षं जगला आणि साध्या तापाने गेला.